सांगलीत राहून ॲनिमेचं (जपानी ॲनिमेशन मालिकांचं) सबस्क्रिप्शन घ्यावं की ओपन-वर्ल्ड गेम, म्हणजे मोठ्या जगात हवं तिथं हिंडता येणारा गेम? दोन्हीचं बजेट नाही.

आधी गेम घ्या, तोही सेलमध्ये. 'द विचर ३' २०१५ चा, 'स्कायरिम' २०११ चा. जुने झाल्यामुळे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये दोन्ही बऱ्याच स्वस्तात मिळतात, आणि एकदा घेतले की दर महिन्याला पैसे कापले जात नाहीत. मी विश्रामबागच्या खोलीवर विचर खेळायचो. मुख्य कथा सोडून तासभर नुसता घोड्यावरून हिंडायचो, एखाद्या गावात पाटीवर लावलेलं राक्षस मारायचं काम घ्यायचो, आणि तेवढ्यात लाईट जायची! म्हणून सांगतो, सेव्ह करत राहा. आणि भडंग खात कंट्रोलर धरू नका. तेल-तिखट बटणांच्या फटीत जातं, मग काडीला कापूस लावून बसावं लागतं.

एकही रुपया घालायचा नसेल तर 'गेनशिन इम्पॅक्ट' फुकट आहे, पण त्यातली पात्रं नशिबावर मिळतात, आणि जास्त वेळा नशीब आजमवायचं तर पैसे लागतात. तिथं पाकीट कधी उघडलं जातं ते कळत नाही. माझं उघडलं होतं.

मांगासाठी, म्हणजे जपानी कॉमिक्ससाठी, शुएशा या जपानी प्रकाशकाचं 'मांगा प्लस' बघा. बऱ्याच मालिकांचे पहिले आणि ताजे तीन-तीन भाग तिथं फुकट वाचता येतात. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची, दोन दिवसांत सवय होते.

ॲनिमेसाठी क्रंचीरोल या स्ट्रीमिंग सेवेचं सबस्क्रिप्शन एकाच महिन्यापुरतं, परीक्षा संपल्यावर घ्या. ऑटो-रिन्यूअल त्याच दिवशी बंद करा.