डेंग्यूचे सदोष कण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या) डेंग्यूचा विषाणू वाढवताना पाचव्या पॅसेजला (आधीच्या बाटलीतला विषाणू नव्या पेशींवर घालण्याची फेरी) प्लाक (विषाणूने पेशी मारून पाडलेले ठिपके) एकदम घटले, पण पीसीआर चाचणीत विषाणूचा आरएनए (जनुकीय धागा) भरपूर दिसतो. असे का?
– सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : दर वेळी विषाणू जास्त ओतला जात असावा. डेंग्यूचा आरएनए सुमारे १०,७०० न्यूक्लिओटाइडांचा असतो. त्याची नक्कल करणारे पॉलिमरेज मध्येच धागा सोडून पुढे भलतीकडे पकडते, तेव्हा दोन्ही टोके शाबूत आणि मधला भाग गायब असा आखूड आरएनए तयार होतो. व्हिएतनाममधल्या रुग्णांच्या रक्तात सापडलेले असे तुकडे जेमतेम २९० न्यूक्लिओटाइडांचे होते. नक्कल सुरू होण्याच्या खुणा टोकांवरच असल्याने पूर्ण विषाणूचे पॉलिमरेज हे तुकडेही उतरवते, आणि आखूड म्हणून भराभर. पुढे कवचाची प्रथिनेही तेच पळवतात आणि त्यांत भरून त्यांचे कण बनतात. म्हणून आरएनए भरपूर दिसतो, पण प्लाक पाडणारे पूर्ण विषाणू थोडेच. ॲलिस हुआंग आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये अशा कणांना ‘हस्तक्षेपी सदोष कण’ म्हटले.

या तुकड्याला त्याच पेशीत पूर्ण विषाणूची सोबत लागते. पेशीमागे ५ कण ओतले की ती सहज मिळते. ०.०१ कण ओतले, तर संसर्ग झालेल्या सुमारे २०० पेशींपैकी एखादीतच दोन कण शिरतात. २० लाख पेशींच्या बाटलीला प्लाक पाडणारे २०,००० कण पुरतात. साठ्यात मिलिलिटरला १० लाख असतील तर फक्त २० मायक्रोलिटर. सगळ्या पेशी मरेपर्यंत थांबू नका, कारण उशिराच्या फेऱ्यांत बाटलीतच विषाणूची गर्दी होते.

खात्री करायची तर तोच साठा न पातळ करता आणि १०, १००, १००० पट पातळ करून वेगवेगळ्या बाटल्यांत घाला. पातळ साठ्यातून अधिक प्लाक निघाले तर हस्तक्षेपच समजा. वारंवार गोठवल्या-वितळवल्याने विषाणू मेला असता, तर पातळ केल्याने उत्पन्न वाढले नसते.

पीसीआरमध्ये आरएनएचे सुरुवातीचे (५′) टोक आणि गळणाऱ्या मधल्या भागातले ई जनुक (विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनाचे) यांसाठी दोन प्रायमर-जोड्या (कोणता भाग मोजायचा ते ठरवणारे आखूड तुकडे) लावा. टोकाच्या प्रती ई जनुकाच्या कितीतरी पट भरल्या तर मधला भाग गळाला आहे. शेवटचे (३′) टोक मुद्दाम टाळा : पेशी डेंग्यूचा आरएनए कुरतडते तेव्हा त्या टोकाचा एक तुकडा शिल्लक राहतो आणि आकडा उगाच फुगतो. आरएनए पेशींतून नव्हे, वरच्या द्रवातून घ्या, आणि आधी आरएनेज लावून मोकळा आरएनए नष्ट करा.

उपाय म्हणजे सुरुवातीच्या पॅसेजच्या कुपीकडे परत जाणे. ती संपली असेल तर एकेकटा प्लाक उचलून २–३ वेळा शुद्ध करून घ्या.

प्रश्न : सदोष विषाणू स्वतः वाढू शकत नाही, मग तो डासातून पसरतो कसा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चांगल्या विषाणूच्या आधाराने. म्यानमारमध्ये डेंग्यू-१ चा असा वंश सापडला, ज्याच्या ई जनुकात थांबा-संकेत पडला होता. म्हणजे बाहेरचे प्रथिन अर्धेच. तरीही तो माणसांत आणि एडिस डासांत किमान १८ महिने फिरत राहिला. एकाच पेशीत पूर्ण विषाणू असेल तर त्याचे प्रथिन याला उसने मिळते. अर्थात डासातून माणसात आणि माणसातून डासात जाताना दोघांनीही एकत्र जायला हवे.

प्रश्न : डासात हे कण काय करतात हे सी६/३६ पेशींवर तपासता येईल का?
– संशोधन सहायक, पुणे

उत्तर : नाही, आणि ही चूक फार महागात पडते. या पेशींचे मूळ तुमच्याच शहरात आहे : के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये विषाणू संशोधन केंद्रात एडिस अल्बोपिक्टसच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या, आणि इगाराशी यांनी १९७८ मध्ये त्यांतून सी६/३६ वेगळ्या केल्या. विषाणू वाढवायला त्या उत्तम, २८ अंशांवर. पण त्यांचे डायसर-२ काम करत नाही. खऱ्या डासात हेच प्रथिन विषाणूचा आरएनए चिरते, आणि सदोष तुकड्यांपासून बनणारा डीएनए त्या बचावाला बळ देतो. सी६/३६ मध्ये हा अर्धा भाग दिसणारच नाही. एडिस इजिप्तीच्या एएजी२ पेशी घ्या. मात्र त्यांत सेल फ्यूजिंग एजंट नावाचा विषाणू कायमचा मुक्कामाला असतो, म्हणून संसर्ग न केलेली बाटली प्रत्येक वेळी शेजारी ठेवा.