डोकं जास्त चालवल्यामुळे आईला अल्झायमर झाला का?

मागच्या वर्षी एक ताई आल्या होत्या, चाळिशीतल्या (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). आई गणिताच्या रिटायर्ड शिक्षिका, अल्झायमरचं निदान होऊन दोन वर्षं झालेली. खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाल्या, मॅडम, मेंदूच्या पेशी जितकं काम करतात तितकं ते अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रोटीन) जास्त सुटतं असं मी वाचलं, आणि आई विसरायला लागल्यापासून मी तिला रोज शब्दकोडी, पाढे, हिशोब करायला बसवत होते, म्हणजे आजार मीच वाढवला ना? आठवडाभरापूर्वी त्यांनी आईची वही-पेन कपाटात टाकलं होतं. आई दिवसभर नुसती खिडकीशी बसून.

त्यांनी वाचलेलं खोटं नव्हतं, म्हणून मी "असं काही नसतं हो" म्हणून उडवून लावलं नाही. पेशीच्या आवरणात एपीपी नावाचं प्रोटीन असतं, दोन एन्झाइम त्याचे तुकडे पाडतात आणि त्यातनं अमायलॉइड बीटा निघतं, पेशी एकमेकींना जास्त सिग्नल द्यायला लागल्या की ते जास्त बाहेर पडतं, उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय. पण ताई, हे आत्ता तुमच्या-माझ्या डोक्यातही चालूय. निचरा झाला नाही, साठून गुठळ्या झाल्या आणि मग पेशींच्या आत टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनचा गुंता व्हायला लागला की त्रास. आणि हे साठणं लक्षणं दिसायच्या 15-20 वर्षं आधी सुरू होतं, दोन वर्षांच्या शब्दकोड्यांनी ते कसं होईल?

अजून एक सांगितलं, जे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं. या गुठळ्या जिथे लवकर साठतात त्यातले बरेच भाग आपण रिकामे बसलो, मनात विचार भरकटत असले की जास्त चालतात, आणि हिशोबात लक्ष घातलं की उलट शांत होतात. म्हणजे खिडकीशी बसवून मेंदूला आराम मिळतो हे गणितच चुकीचं आहे. कोड्यांनी आजार बरा होणार नाही हेही मी स्पष्ट बोलले, ताई रडल्या, पण खोटी आशा मला देता येत नाही.

मग विचारलं, तुम्ही झोपता किती? चार तास, कारण आई रात्री उठून दार उघडते. इथे मात्र मला खरी काळजी वाटली. 2009 मध्ये उंदरांत दिसलं की जागेपणी अमायलॉइड वाढतं, झोपेत उतरतं, आणि 2018 मध्ये 20 निरोगी माणसांना एक रात्र जागवलं तर मेंदूच्या स्कॅनमध्ये वाढ दिसली. एका रात्रीने कुणाला अल्झायमर होत नाही, घाबरू नका, पण वर्षानुवर्षं असं चालवू पण नका.

भावाशी बोलणं झालं, आता आठवड्यातल्या तीन रात्री तो आईजवळ झोपतो. वही परत बाहेर आलीय, फक्त आता ताई उत्तरं तपासत नाहीत, कारण चुकलं की आई ओशाळायच्या. परवा आईंनी सातचा पाढा पाचापर्यंत म्हटला आणि मग ताईंनाच म्हणाल्या, पुढचं तू म्हण.