दोन्ही वेळा तू एकाच धड्याला थांबलीस

प्रश्न : मी २५ वर्षांची आहे. कॉमर्सची पदवी झाली, दोन वर्षांपासून कॉल सेंटरमध्ये आहे. शिफ्ट दर आठवड्याला बदलते : सकाळ, दुपार, रात्र. मला डेटा ॲनालिसिसकडे वळायचं आहे. गेल्या दीड वर्षात दोन रेकॉर्डेड कोर्स घेतले आणि दोन्ही अर्ध्यावर सोडले. पहिला एसक्यूएल या डेटा काढायच्या भाषेतल्या ‘जॉइन’पर्यंत (दोन तक्ते जोडण्याच्या धड्यापर्यंत) झाला, दुसराही साधारण तिथेच राहिला. आता सहा महिन्यांचा एक लाइव्ह कोर्स बघितलाय. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात ते नऊ. फी रेकॉर्डेडच्या चौपट. बाबा म्हणतात, “समोर शिकवणारा असल्याशिवाय तुझ्याच्यानं व्हायचं नाही.” मलाही वाटायला लागलंय की माझ्यात चिकाटीच नाही. रविवारपर्यंत प्रवेश घ्यायचा आहे. काय करू? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर :

चिकाटीचं नंतर बघू. तुझ्या पत्रात मी ज्या वाक्याला थांबले, ते तू अगदी जाता जाता लिहिलं आहेस. पहिला कोर्स ‘जॉइन’पर्यंत झाला, दुसराही साधारण तिथेच राहिला. कंटाळलेला माणूस कुठेही सोडतो. कुणी तिसऱ्या दिवशी, कुणी शेवटच्या प्रोजेक्टच्या तोंडाशी. इथे कोर्स वेगळे, शिकवणारे वेगळे, आणि तू मात्र दोन्ही वेळा एकाच धड्याला थांबलीस. म्हणजे तुझं तिथे काहीतरी अडलंय, आणि अडलं तेव्हा विचारायला कुणी नव्हतं.

काय अडलं असेल याचा माझा अंदाज सांगते. ग्राहकांचा एक तक्ता, त्यांच्या ऑर्डरींचा दुसरा. दोन्ही जोडले की शंभर ग्राहकांच्या अडीचशे ओळी दिसायला लागतात आणि आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं. चुकलेलं काही नसतं. एका ग्राहकाच्या तीन ऑर्डरी असतील तर त्याचं नाव तीनदा येणारच. जाणकार माणूस हे दोन मिनिटांत सांगतो. तो जवळ नसेल तर आपण तोच व्हिडिओ पाच वेळा बघतो, आणि व्हिडिओ पाचही वेळा तेच सांगतो.

अर्ध्यावर सोडणारी तू एकटी नाहीस, हेही सांगून टाकते. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी इंटरनेटवर सगळ्यांना खुला केला. दीड लाखाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली, शेवटपर्यंत पोचले ते वीस हजारांच्या आसपास. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या कोर्सेसचा हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०१७-१८ या वर्षी कोर्स पूर्ण करणारे होते शंभरात तीन. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हे प्रमाण ४६ टक्के होतं. (यावरून ‘पैसे भरले की अभ्यास होतो’ असं लगेच ठरवू नकोस. ज्यांनी आधीच मनावर घेतलेलं असतं तेच पैसे भरतात, असंही असू शकतं. आणि पैसे भरूनही निम्म्याहून जास्त राहिलेच.)

आता लाइव्हकडे येऊ. लाइव्ह वर्गात आपण दोन गोष्टींचे पैसे मोजतो. एक म्हणजे घड्याळ : सात वाजले की बसायचंच. दुसरी म्हणजे आपण अडलोय हे लक्षात येणारा माणूस. पहिली गोष्ट प्रत्येक लाइव्ह वर्गात मिळते. दुसरी मिळेलच असं नाही, ते सगळं वर्गात किती जण आहेत यावर असतं. पंधरा-वीस जणांत शिकवणारा विचारू शकतो, “तुझी क्वेरी (डेटा काढायला लिहिलेली सूचना) दाखव बघू.” दीडशे जणांत सगळ्यांचे माइक बंद असतात, प्रश्न चॅटमध्ये टाकायचा असतो आणि तो वाचला जाण्याआधीच वर सरकून जातो. असा वर्ग नावापुरता लाइव्ह. तुझ्या दृष्टीनं तो न थांबवता येणारा व्हिडिओच.

मी स्वतः एकदा अशा कोर्सला बसले होते. पहिले दोन आठवडे कॅमेरा सुरू ठेवून, वहीत टिपणं काढत. तिसऱ्या आठवड्यापासून कॅमेरा बंद, आवाज बारीक आणि हातात दुसरंच काम. हजेरी मात्र पूर्ण लागली! मला काही येत नाहीये हे कुणालाही कळलं नाही, शेवटी शेवटी तर मलाही नाही.

तुझ्या बाबतीत शिफ्टचा प्रश्न वेगळाच आहे. सहा महिने म्हणजे साधारण २६ आठवडे, आठवड्याला तीन याप्रमाणे ७८ तासिका. दर तिसऱ्या आठवड्याला तुझी दुपारची शिफ्ट, म्हणजे सात ते नऊ तू कामावर. २६ तासिका इथेच गेल्या. रात्रपाळीच्या आठवड्यात निघायच्या गडबडीत किती डोक्यात शिरेल ते तूच सांग. बुडालेल्या तासिका तू रेकॉर्डिंगवरच बघणार, म्हणजे एक तृतीयांश कोर्स पुन्हा रेकॉर्डेड, फी मात्र चौपट. शिवाय लाइव्ह वर्ग कुणासाठी थांबत नाही. ‘जॉइन’चा आठवडा नेमका दुपारपाळीत आला, तर पुढच्या सोमवारी वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असेल आणि तू तिसऱ्यांदा त्याच ठिकाणी.

म्हणून लाइव्ह की रेकॉर्डेड हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन पोस्टानं लघुलेखन शिकवत. विद्यार्थ्यानं दिलेला मजकूर लघुलिपीत लिहून पाठवायचा, तो तपासून, चुका दुरुस्त करून परत यायचा. शिकवणारा आणि शिकणारा एकमेकांना दिसत नव्हते, वेळही एक नव्हती. पण केलेलं काम कुणीतरी वाचत होतं आणि उत्तर येत होतं. तुझ्या दोन्ही रेकॉर्डेड कोर्समध्ये हेच नव्हतं. बाबांचं म्हणणं त्यामुळे अर्धं बरोबर आहे. कुणीतरी हवं. ते समोरच हवं असं नाही.

मी तुझ्या जागी असते तर लाइव्हची फी आत्ता भरली नसती. दुसरा कोर्स तुझ्याकडे आहेच. तो ‘जॉइन’च्या आधीच्या दोन धड्यांपासून पुन्हा सुरू कर, आणि चौपट फीतला थोडा भाग एका माणसावर खर्च कर. या क्षेत्रात काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर उत्तमच. नसेल तर तासावर शिकवणारा मार्गदर्शक ऑनलाइन शोध. आठवड्यातून एक तास, वेळ शिफ्टप्रमाणे बदलती, पण तास ठरलेला. त्या तासात त्यानं शिकवायचं नाही. तू केलेलं काम दाखवायचं आणि जिथे अडलं तेवढंच विचारायचं. घड्याळही झालं आणि लक्ष ठेवणारा माणूसही.

व्हिडिओ बघण्याची तुझी पद्धत मला माहीत नाही, पण बहुतेकांची एक चूक असते. दीडपट वेगानं बघायचं, मान डोलवायची आणि ‘समजलं’ म्हणून पुढे जायचं. बघताना सोपं वाटणं वेगळं आणि करता येणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. तेव्हा दहा मिनिटांचा व्हिडिओ संपला की तो बंद कर आणि कोऱ्या पडद्यावर तीच क्वेरी स्वतः लिही. जमली नाही तर पुन्हा बघ. रेकॉर्डेडचा खरा फायदा हाच, पण लोक तो वापरत नाहीत.

प्रश्न लिहून विचारायची सवयही आत्ताच लाव. घरून काम करणाऱ्या टीममध्ये बरंचसं काम असंच चालतं : तू दुपारी विचारतेस, सहकारी रात्री उत्तर देतो. “जॉइन कळत नाही” एवढं लिहिलंस तर उत्तराऐवजी उलटा प्रश्न येतो आणि दिवस वाया जातो. तू काय लिहिलंस, काय यायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय आलं, हे तिन्ही लिही. कित्येकदा हे लिहितानाच आपलं आपल्याला उत्तर सापडतं. नोकरीच्या मुलाखतीत तू कोर्स लाइव्ह केलास की रेकॉर्डेड हे विचारलेलं मी फारसं ऐकलेलं नाही. केलेलं काम दाखवा, असं मात्र हमखास विचारतात.

लाइव्ह मी कायमचं बाद करत नाहीये. काही गोष्टी समोरासमोरच शिकाव्या लागतात. मुलाखतीचा सराव, आपण काढलेला निष्कर्ष चार जणांना समजावून सांगणं, मध्येच कुणी टोकलं तर सावरणं, हे व्हिडिओ बघून येत नाही. ते दिवस आले की दोन-तीन आठवड्यांचा छोटा लाइव्ह वर्ग बघ.

एवढं सांगूनही रविवारी प्रवेश घ्यावासा वाटला, तर आधी त्या संस्थेला फोन कर. बॅचमध्ये किती जण असतात? दिलेलं काम माणूस तपासतो की फक्त बरोबर-चूक अशी खूण येते? शिफ्टमुळे तासिका बुडाली तर दुसऱ्या बॅचबरोबर बसता येतं का? आणि एक तासिका फुकट बसून बघायला माग. तिथे शिकवण्याकडे फार लक्ष देऊ नकोस, तासाभरात किती वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचा आवाज ऐकू आला ते मोज. बॅच वीस-पंचवीसची असेल, काम तपासून मिळत असेल आणि बॅच बदलता येत असेल, तर माझा वरचा सल्ला बाजूला ठेव आणि खुशाल प्रवेश घे. यातलं एकही उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नकोस.

बाबांना हे पत्र वाचायला दे. आणि ‘जॉइन’चं तुझं जे काही अडलंय, ते वर सांगितल्याप्रमाणे लिहून मला पाठव. माझा अंदाज चुकला असेल तर नेमकं काय अडलंय ते तरी कळेल.