फळमाशीच्या शुक्राणूत सेंट्रिओल एक असतो की दोन?

ड्रोसोफिला या फळमाशीच्या नरात शुक्राणू घडताना सेंट्रिओल (पेशीविभाजनाचे ध्रुव उभारणाऱ्या आणि शुक्राणूच्या शेपटाचा पाया होणाऱ्या नळीसारख्या सूक्ष्म रचना) कसे तयार होतात आणि ‘प्रत्येक प्राणिपेशीत सेंट्रिओलची एक जोडी असते’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य तिथे लागू पडते का, असे आपण विचारले आहे. लागू पडत नाही. हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच वाक्यापायी माझ्या एका विद्यार्थिनीचे गुण कापले गेले होते आणि तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे. प्रयोगशाळेत साधे सूक्ष्मदर्शकच होते, पण माश्यांना तोटा नव्हता. मक्याचे पीठ, गूळ, यीस्ट आणि अगार शिजवून आम्ही त्या बाटल्यांत वाढवत असू. (संत्र्याच्या बागेत जिच्यासाठी सापळे टांगतात ती फळमाशी वेगळ्या कुळातली, मी बोलतो आहे ती कुजक्या केळ्यावर घिरट्या घालणाऱ्या चिलटांबद्दल.) तापमान तीस अंशांच्या आसपास गेले की ड्रोसोफिलाचे नर वंध्य होऊ लागतात, त्यामुळे आमच्याकडच्या उन्हाळ्यात हा प्रयोग करण्यात अर्थ नसे, वृषणाचे विच्छेदन मी हिवाळ्यातच ठेवत असे. ही मुलगी शेतमजुराच्या घरातली. तिने सलाइनमध्ये वृषण काढून, अॅसिटो-ऑर्सीनने रंगवून, काचेखाली हलके दाबले आणि एकेका पुंजक्यातील केंद्रके मोजली. काही पुंजक्यांत १६ मोठी केंद्रके होती, काहींत ६४ लहान.

लेखी परीक्षेत तिने यावरून पुढचा हिशेब मांडला. वृषणाच्या टोकाशी असलेल्या मूलपेशीपासून निघालेली एक पेशी चार वेळा समसूत्री विभाजित होते आणि १६ प्राथमिक स्पर्मॅटोसाइट, म्हणजे शुक्राणूंच्या पूर्वज पेशी, तयार होतात. अर्धसूत्री विभाजनात (गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या लागोपाठच्या दोन विभाजनांत) शिरण्याआधी प्रत्येकात सेंट्रिओलच्या दोन जोड्या, म्हणजे चार सेंट्रिओल असतात. एकूण सेंट्रिओल ६४, पुढे होणारे स्पर्मॅटिडही (शुक्राणू होऊ घातलेल्या पेशी) ६४. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला एकच येतो आणि दोन अर्धसूत्री विभाजनांच्या मध्ये सेंट्रिओल दुणावत नाहीत. हा हिशेब बिनचूक होता. परीक्षकांनी त्यावर लाल रेघ ओढली. मूल्यांकन केंद्रावर मी त्यांना गाठले, तेव्हा ते म्हणाले की प्रत्येक विभाजनाआधी सेंट्रिओल दुणावलाच पाहिजे आणि खेड्यातल्या मुलांना इतके खोल शिकवण्यापेक्षा पुस्तकातले चार मुद्दे पाठ करवून घ्यावेत. पहिले विधान चुकीचे होते. दुसरे अन्यायाचे होते, आणि शिक्षकाच्या तोंडी तर ते मुळीच शोभणारे नव्हते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. नवा सेंट्रिओल जुन्याच्या कुशीला काटकोनात उगवतो. पीएलके-४ हे प्रथिन, ज्याला माशीमध्ये सॅक म्हणतात, जुन्या सेंट्रिओलवर एका जागी गोळा होते. त्याला तिथे आणण्याचे काम अॅस्टरलेस हे दुसरे प्रथिन करते. मग अॅना-२ आणि सॅस-६ या प्रथिनांचा मिळून नऊ आऱ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि सॅस-४ या आणखी एका प्रथिनाच्या मदतीने त्याच्याभोवती सूक्ष्मनलिका बसतात. सॅक बिघडलेल्या नरांत सेंट्रिओल कमी पडत जातात आणि शुक्राणूंच्या शेपटाला मधला कणा मिळत नाही, हे २००५ मध्ये दाखवले गेले.

स्पर्मॅटोसाइटमध्ये दुणावणे लवकर उरकते आणि त्यानंतर जे घडते ते माशीच्या इतर ऊतींत दिसत नाही. चारही सेंट्रिओल पेशीपटलापर्यंत जातात, प्रत्येकावर एक छोटा सिलिअम (केसासारखा तंतू) उगवतो आणि ते लांबत राहतात. इतरत्र सुमारे ०.२ मायक्रोमीटर भरणारा सेंट्रिओल इथे सुमारे १.८ मायक्रोमीटरपर्यंत वाढतो. पहिल्या अर्धसूत्री विभाजनात प्रत्येक ध्रुवाकडे एक जोडी जाते. दुसऱ्याच्या आधी ती जोडी नुसती सुटते आणि एकेका ध्रुवाला एकेक सेंट्रिओल मिळतो. स्पर्मॅटिडमध्ये आलेला हा एकटा, महाकाय सेंट्रिओल केंद्रकाला चिकटतो आणि त्याच्यावर जवळजवळ दोन मिलिमीटर लांबीचे शेपूट उभे राहते. ज्या माशीचे अंगच दोन-अडीच मिलिमीटर, तिच्या एका पेशीची ही लांबी आहे! वर्गात हे सांगताना माझा आवाज दर वेळी चढत असे.

एक गोष्ट मात्र जोडलीच पाहिजे, नाहीतर उत्तर अपुरे राहील. स्पर्मॅटिडमध्ये महाकाय सेंट्रिओलच्या बाजूला आणखी एक लहान रचना तयार होते, तिचा शोध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या घडणीची सुरुवात सॅक आणि सॅस-६ यांनीच होते, पण सूक्ष्मनलिकांची नेहमीची भिंत तिला नसते. अंड्याने आपले सेंट्रिओल आधीच गमावलेले असतात, त्यामुळे फलनानंतर महाकाय सेंट्रिओल आणि ही रचना दोन्ही कामाला लागतात आणि प्रत्येकीपाशी नवा सेंट्रिओल उगवतो. तेव्हा पक्व शुक्राणूबद्दल विचारले असेल, तर ‘एक नेहमीचा आणि एक वेगळ्या घडणीचा’ असे लिहावे.

यावरून परीक्षकांचेच खरे ठरले, असे एक सहकारी मला म्हणाले होते. तसे मुळीच नाही. ही रचना अर्धसूत्री विभाजन संपल्यानंतर स्पर्मॅटिडमध्ये घडते. दोन विभाजनांच्या मध्ये सेंट्रिओल दुणावत नाहीत, हे त्या मुलीचे विधान जसेच्या तसे उभे आहे. आपण परीक्षेसाठी लिहिणार असाल, तर १६ गुणिले चार हा हिशेब उत्तरपत्रिकेत स्पष्ट मांडा, त्याखाली स्पर्मॅटिडमधल्या या दुसऱ्या रचनेचा वेगळा परिच्छेद लिहा, आणि तरीही गुण कापले गेले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. त्या मुलीकडे अर्जाच्या शुल्काचे पैसे नव्हते, आणि मी देऊ केले ते तिने घेतले नाहीत.