परदेशात मिशनरी सेवेला गेलेल्या तरुणाचा आठवडा कसा जातो?

तुम्ही लिहिलंय, 'भाचा पुढच्या महिन्यात मिशनरी म्हणून टांझानियाला चाललाय. ही पोरं तिथं आठवडाभर करतात काय? नुसता धर्मप्रचार का?' माझ्या मामानंही मला हेच विचारलं होतं, आणि तेव्हा मला उत्तर येत नव्हतं.

मी वैजापूर तालुक्यातला. आमच्या भागात फ्रेंच फादर आले, त्यांनी शाळा काढल्या. माझे आजोबा तशाच एका शाळेत शिकले. मी सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत गेलो, आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपल्यावर 'रीजन्सी' म्हणतात त्या प्रत्यक्ष कामाच्या एका वर्षासाठी 2017 मध्ये मला टांझानियातल्या डोडोमा भागातल्या एका खेड्यात पाठवलं. (पुढं मी सेमिनरी सोडली, आता गणित शिकवतो. म्हणजे हे कुण्या फादरचं प्रवचन नाही.)

तिथला आठवडा मोजला जातो शनिवारपासून. शनिवार म्हणजे जुमामोसी, पहिला. रविवार जुमापिली, दुसरा. आपला सोमवार त्यांचा तिसरा. शुक्रवारला मात्र इजुमा म्हणतात, आणि तो मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. तिथल्या स्वाहिली भाषेचं असंच बरंच फुकटात मिळतं. औषधाला दावा, पुस्तकाला किताबू, हिशोबाला हेसाबू, दुकानाला दुका, 'काय खबर'ला हबारी. पहिल्या दोन दिवसांत मला वाटलं, ही तर आपल्याकडची दखनीच आहे, महिन्यात येईल. तिसऱ्या दिवशी मी धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) कॅटेकिस्टच्या, म्हणजे फादर नसताना प्रार्थना घेणाऱ्या माणसाच्या, थोरल्या भावाला सगळ्यांसमोर 'कोंबडी' म्हणालो. भाऊ म्हणजे काका, कोंबडी म्हणजे कुकू. काका आपल्या डोक्यात वडिलांचा भाऊ म्हणून बसलेला, तो ऐन वेळी आडवा आला. आणि तुम्ही त्याचे मामा ना? तिथं मामा म्हणजे आई. भाच्याला हे आधीच सांगून ठेवा.

शनिवारी सकाळी जुमुइया, म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती घरांची बैठक असते. दहाबारा घरं एका अंगणात जमतात, शुभवर्तमान वाचतात, त्यावर बोलतात, कुणाच्या घरात काय अडलंय ते सांगतात. माझ्या पहिल्या शनिवारी कॅटेकिस्ट म्हणाला, 'सा म्बिली'ला ये. सा म्हणजे तास, म्बिली म्हणजे दोन. मी दुपारी दोन वाजता आंघोळ करून, बायबल घेऊन हजर. अंगणात फक्त एक म्हातारी मका निवडत बसलेली. झालं असं होतं, की स्वाहिलीत तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन. सगळे माझ्यासाठी तासभर ताटकळले होते. म्हातारीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, झाकून ठेवलेला उगाली आणि राजगिऱ्याची भाजी पुढं केली. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. आमच्या गावात दोनदोनदा विस्तवावर ठेवलेल्या कण्या जशा लागतात, तसाच लागला तो.

पण त्या फजितीनं एक गोष्ट उलगडली. द्राक्षमळ्याचा मालक अकराव्या तासालाही मजूर नेतो आणि त्यांना दिवसभराचीच मजुरी देतो, हा बायबलमधला दाखला मी लहानपणापासून मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ऐकत आलो. अकरावा तास म्हणजे नेमका कधी, हे फादरांना समजावून सांगावं लागायचं. तिथं तो वाचला की पोरंसुद्धा लगेच हसतात, कारण सा कुमी ना मोजा म्हणजे अकरा, म्हणजे संध्याकाळचे पाच. पाचला कामावर येऊन पूर्ण रोज घेणारा माणूस त्यांच्या लगेच डोळ्यांसमोर येतो. मला तिथं शिकवायला पाठवलं होतं, ते विसरा.

सोमवार ते बुधवार सकाळी शाळा. प्राथमिक शाळेत सगळं स्वाहिलीत चालतं. मी चौथीला गणित घ्यायचो. आकडे लिहायचो, पोरं त्यांची नावं सांगायची, मी चुकीचा उच्चार करायचो, वर्ग खिदळायचा. गणित त्यांचं किती सुधारलं सांगता येणार नाही, माझी स्वाहिली मात्र त्यांनीच सुधारली. एका पोरानं विचारलं, तुझं दुकान कुठंय? तिथं 'म्हिंदी' म्हणजे दुकानदार, कारण बहुतेकांनी पाहिलेले हिंदी लोक व्यापारातले. दुकान नसलेला हिंदी म्हणजे त्यांच्या लेखी काहीतरी बिघडलेलं. दुसऱ्यानं विचारलं, तुमच्याकडं कधी आफ्रिकेतला माणूस आला होता का? मी मलिक अंबरची गोष्ट सांगितली: हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढं 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, आणि नहर काढून शहराला पाणी दिलं. हबशी शब्द त्यांना माहीत होता. नहर समजवायला अर्धा तास गेला.

पाण्याचं तुम्हाला जास्त सांगत नाही, तुम्हीही मराठवाड्यातले दिसता. डोडोमाला वर्षात एकच पावसाळा, साधारण डिसेंबर ते एप्रिल. रानात ज्वारी, बाजरी आणि गोरखचिंचेची जाडजूड झाडं. गुरुवारी मी बोअरवर माडुमू, म्हणजे वीस लिटरचे पिवळे कॅन, भरायच्या रांगेत. कुणी बोअरवाला आदल्या वर्षी अर्धवट काम टाकून पळालेला, त्यामुळं एकाच पंपावर तीन वस्त्या. रांगेत मी सांगितलं, की 2016 मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. कुणी विश्वास ठेवला नाही. एक बाई म्हणाली, पाणी रेल्वेत बसून येतं, तर तू इथं रांगेत का?

आठवड्यात एखादी मौत झाली की बाकीचं सगळं बाजूला. कबर गावातलीच पोरं खणतात, मीही खणायचो. आणि कोण किती पैसे, किती धान्य घेऊन आलं, ते वहीत लिहून सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. आपल्याकडं आहेराची वही असते ना, तशीच, फक्त लग्नाऐवजी मातीला. मी आजारी लोकांना भेटायला जायचो तेव्हाही बोलायला फार काही नसायचं. बसायचं, 'पोले साना' म्हणायचं. 'फार वाईट झालं' आणि 'जपा हो' यांच्या मधलं काहीतरी.

मोठ्यांना भेटलं की 'शिकामू' म्हणायचं. त्याचं मूळ 'तुमचे पाय धरतो' असं सांगतात. हे एवढं आलं तरी भाचा अर्ध्या गावाचा लाडका होईल.

आता तुमचा खरा प्रश्न. नाही, मी वर्षभरात एकाही माणसाचं धर्मांतर केलं नाही. ते गाव आधीपासूनच ख्रिस्ती होतं, फादर महिन्यातून एकदा यायचे, एरवी रविवारची प्रार्थना कॅटेकिस्टच घ्यायचा. माझं काम त्याच्या मागं स्टूल उचलणं, क्वायरच्या तालमीत बेसूर होऊ न देणं (माझंच बेसूर), आणि रविवारी अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव मांडणं. ज्यांच्याकडं पैसे नसतात ते कोंबडी, मका, अंडी आणतात, मिस्सानंतर बाकीचे ती विकत घेतात. एका रविवारी कॅटेकिस्टच्या थोरल्या भावानं, तोच तो, कोंबडी घेतली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवून म्हणाला, 'काका.' आख्खं देऊळ हसत होतं. ती मी कापली नाही, पाळली.

भाच्याला दोन घड्याळं घेऊन देऊ नका, तो सल्ला मलाही कुणीतरी दिला होता. एकच पुरतं. तासकाटा जिथं असेल, त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा.