तबेल्यातलं घर घ्यायचंय? आधी लाल रेघ बघ

अगं,

तू पाठवलेली इंग्लंडमधल्या रटलंड परगण्यातल्या त्या घराची जाहिरात बघितली. छान आहे, खोटं कशाला बोलू. जुन्या इस्टेटवरचा तबेला, घड्याळाचा टॉवर, कमानीचे मोठे दरवाजे, आत दोन बेडरूम, समोर पार्कमध्ये चरणाऱ्या मेंढ्या, आणि किंमत सव्वाचार लाख पौंड. लेस्टरच्या भाड्याच्या फ्लॅटमधून बघितलं की कोणालाही वाटेल की उद्याच ऑफर टाकू. टाक, पण थोडी उशिरा. फोटोत मेंढ्या दिसतात, तुझी हद्द दिसत नाही, आणि अशा घरात सगळं घोडं तिथेच अडतं.

आपल्याकडे वाड्याची वाटणी झाली की पुढची वीस वर्षं भांडणं कशावरून होतात? माडी कोणाची, विहीर कोणाची, कौलं कोणी शाकारायची. इथेही तेच आहे, फक्त इंग्लिशमध्ये आणि वकिलांच्या फीसकट.

ही मोठी घरं फुटली का ते आधी ऐक, म्हणजे पुढचं कळेल. दुसऱ्या महायुद्धानंतर वारसा-कर, नोकरांचे पगार, गळकी छपरं हे काही त्या सरदार घराण्यांना झेपेना, मग शेकडो घरं सरळ पाडली. १९७४ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने या पाडापाडीवर प्रदर्शन भरवलं तेव्हा लोकांचे डोळे उघडले. पुढे किट मार्टिन नावाच्या आर्किटेक्टने १९८० मध्ये नॉरफोकमधला गंटन हॉल घेतला, जो १८८२ च्या आगीनंतर अर्धा भग्नच होता, आणि त्याची वेगवेगळी घरं केली. तुमच्या रटलंडमधलंच बर्ली-ऑन-द-हिल पण त्याचंच काम. त्याची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते, होईल तिथे घर उभं कापायचं, आडवं नाही. म्हणजे जमिनीपासून छपरापर्यंतचा तुकडा एकाचा, मोठे दिवाणखाने मधे भिंत घालून मोडायचे नाहीत, आणि वर कोणी धपाधप चालत नाही. सगळ्याच बिल्डरांनी असं केलं नाही. बऱ्याच ठिकाणी मजल्यावर मजला असे फ्लॅट पाडलेत, मग छप्पर गळतं तुझ्या डोक्यावर आणि दुरुस्ती ठरवतो दुसराच कोणीतरी.

म्हणून पहिला प्रश्न हा विचार, तुमचा तुकडा उभा आहे की आडवा. आडवा असेल तर तो बहुतेक लीजहोल्ड असणार, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर तुमचा. छप्पर, बाहेरच्या भिंती, ते घड्याळ सगळं मूळ मालकाचं, म्हणजे फ्रीहोल्डरचं, किंवा मॅनेजमेंट कंपनीचं, आणि खर्चातला वाटा तुमचा. एखाद्या मोठ्या कामात प्रत्येक लीजहोल्डरच्या वाट्याला २५० पौंडांपेक्षा जास्त येणार असेल तर त्यांना आधी तुम्हाला रीतसर विचारावं लागतं, पण विचारणं म्हणजे तुमची परवानगी घेणं नव्हे, हे नीट लक्षात ठेव. दगडी कौलांच्या छपराचं बिल काय येतं ते बघितलेल्या माणसाचा चेहरा मी बघितलाय. मागच्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशोब मागा, राखीव फंडात किती पडलेत ते बघा. फंड रिकामा आणि छप्पर जुनं असेल तर किंमत कितीही गोड वाटली तरी ती खरी किंमत नाही.

फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट स्वतःच्या मालकीचं, असलं म्हणजे सुटलो असं पण समजू नकोस. ड्राइव्ह इस्टेटचा, गेट इस्टेटचं, सांडपाण्याची सेप्टिक टँक चार घरांत मिळून एक, पाणी कदाचित बोअरचं. या सगळ्याचा खर्च डीडमध्ये, म्हणजे खरेदीखतात, कुठेतरी बांधलेला असतो. शिवाय अटी असतात: दरवाजाचा रंग इस्टेट सांगेल तो, वाळत घालायची दोरी नाही, डिश नाही, व्हॅन उभी करायची नाही. सेप्टिक टँकबद्दल एक विचाराच, तिचं पाणी थेट ओढ्यात जातंय का. २०२० पासून ते इंग्लंडमध्ये चालत नाही, आणि तशी असेल तर बदलायचा खर्च आधी किमतीतून वजा करून घ्या.

लँड रजिस्ट्रीतून सात पौंडांत टायटल प्लॅन, म्हणजे मालकीच्या जागेचा नकाशा, मिळतो, त्यावर लाल रेघ असते आणि लोक त्या रेघेवर देवासारखा विश्वास ठेवतात. ती रेघ फक्त साधारण हद्द दाखवते, भिंतीच्या आतून की बाहेरून ते त्यावरून ठरत नाही. नेमकं हवं असेल तर लीज किंवा ट्रान्सफर डीडचा मजकूर वाचावा लागतो, शेड्यूलसकट. सॉलिसिटर वाचेलच, पण तूही वाच, कारण पार्किंग तुझ्या मालकीचं आहे की नुसता वापरायचा हक्क आहे, हा फरक त्याला किरकोळ वाटेल आणि तुला रोज संध्याकाळी सात वाजता आठवेल.

आता लिस्टिंग, म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतली नोंद. त्यातला सगळ्यात खालचा दर्जा म्हणजे ग्रेड टू. एजंट म्हणेल "फक्त ग्रेड टू आहे हो", जणू काही सवलतच मिळाली. इंग्लंडमधल्या लिस्टेड वास्तूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टूच आहेत, आणि ग्रेड टू म्हणजे फक्त समोरची भिंत जपायची असा जो समज आहे तो साफ चूक. आतलं पण त्यात येतं: जिना, तुळया, घोड्यांच्या ठाणांची जुनी पार्टिशनं, खालचे दगडी गोटे. आणि तबेल्याची स्वतःची नोंद यादीत नसली तरी तो मोठ्या घराच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून उभा असेल तर बहुतेक वेळा त्या घराच्या लिस्टिंगमध्येच धरला जातो. परवानगीशिवाय फेरफार करणं हा फौजदारी गुन्हा आहे. पण तुझ्या दृष्टीने त्याहून वाईट गोष्ट वेगळीच, आधीच्या मालकाने गुपचूप प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील किंवा छपराला भोक पाडून स्कायलाइट काढला असेल, तर कौन्सिल ते पूर्ववत करायची नोटीस तुला, म्हणजे आजच्या मालकाला काढू शकते आणि त्याला मुदत नाही, वीस वर्षांनी पण येऊ शकते. म्हणून प्रत्येक बदलाचा परवानगीचा कागद मागा. "तो फार जुना आहे, सापडत नाहीये" हे उत्तर चालवून घेऊ नका.

किचन मोठं करायचं तुझ्या मनात आलंच असणार, मी ओळखते तुला. त्या परवानगीच्या अर्जाला फी नाही, पण ड्रॉइंग काढणाऱ्याला आहे, आणि मंजूर कामावर पूर्वी व्हॅट माफ असायचा तो १ ऑक्टोबर २०१२ पासून बंद झाला, आता पूर्ण वीस टक्के. माळ्यावर वटवाघळं निघाली तर काम थांबतं, ती संरक्षित आहेत, आणि ती संध्याकाळी बाहेर पडतात का ते बघायचा सर्व्हे उन्हाळ्यातच होतो. नोव्हेंबरात सुचलं तर मेपर्यंत बसून राहा.

सर्व्हेवर पैसे वाचवू नका. लेव्हल थ्रीचाच, म्हणजे सगळ्यात सविस्तर, करा, आणि सर्व्हेयर चुन्याच्या भिंती कळणारा हवा. जुन्या दगडी भिंतीला कोणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आत कोंडते, मग कोणीतरी येऊन केमिकलचं इंजेक्शन विकतो आणि ओल तशीच राहते.

आणि पैशांची एक गोष्ट जी इथला एजंट सांगणार नाही, कारण त्याच्या डोक्यातच येत नाही. तुझ्या नवऱ्याचं नाव पुण्याच्या फ्लॅटवर बाबांबरोबर आहे ना? स्टॅम्प ड्युटीसाठी जगात कुठेही असलेलं घर धरतात. त्याचा हिस्सा ४० हजार पौंडांचा किंवा जास्त असेल तर हे तुमचं दुसरं घर, आणि नवरा-बायकोला एकच धरतात, त्यामुळे फक्त तुझ्या नावावर घेऊ ही युक्ती चालणार नाही. सव्वाचार लाखांवर पहिल्यांदा घर घेणाऱ्या जोडप्याला ६,२५० पौंड पडतात, तुम्हाला ती पहिल्या घराची सवलत जाऊन, वर पाच टक्के जादा धरून ३२,५०० पडतील. हे ऑफरच्या आधी टॅक्सवाल्याकडून लेखी घ्या, फोनवर नको.

जाऊन बघायचं तर रविवारी ऊन बघून जाऊ नका. ऑक्टोबर ते जानेवारीत एखाद्या शनिवारी जा, म्हणजे इस्टेटवर फेझंट पक्ष्यांची शिकार चालते का, चालली तर बंदुकांचे बार किती जवळून ऐकू येतात ते कळेल. भरपूर पाऊस पडून गेल्यावर पण एकदा जा, आणि शेजारच्या दाराची बेल वाजवून सरळ विचारा की मॅनेजमेंट कंपनीची मीटिंग शेवटची कधी झाली आणि किती लोक आले. इंग्लिश माणूस घराबद्दल तक्रार पटकन करत नाही, पण सर्व्हिस चार्जचा विषय काढलास की चहा करून बसवेल.

डीड आणि प्लॅन हातात आले की मला फोटो काढून पाठव, त्या पार्किंगच्या पानासकट. नवऱ्याला सांग, तोपर्यंत सोफा बघायला जाऊ नकोस.

तुझी,
मावशी