स्टॉपरच्या जागेवरून : फुटबॉलच्या एका तरुण मधल्या बचावपटूला पत्र

प्रिय पोरा,

तुझा मेसेज वाचला आणि मॅचचा व्हिडिओही पाहिला. ऑपरेशननंतर गुडघा पूर्वीसारखा साथ देत नाही, क्लबने पुढच्या मोसमासाठी विचारलेलं नाही, आणि शाळेची चौदा वर्षांखालची टीम तुझ्यासमोर आहे. तू विचारतोस, 'प्रशिक्षकाचं डी लायसन्स आता करू की थेट सीसाठी थांबू?' त्याचं उत्तर पुढे देतो. आधी मला सांग, मैदानात तू बोलत का नाहीस?

तुझं टॅकल स्वच्छ आहे, हेडरही वेळेवर. पण लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, आत ओढला जातोय हे तुला दिसत होतं, तुझी मान तिकडे वळत होती, तोंड मात्र बंद. मग त्याची मोकळी जागा भरायला तूच धावलास आणि घसरून टॅकल केलंस. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या. त्या टॅकलची गरजच पडायला नको होती. दिसलं ते वेळेत बोल. तुझ्या दुखऱ्या गुडघ्यालाही यापेक्षा चांगलं औषध नाही.

वेळेत म्हणजे समोरच्याच्या पायातून पास सुटायच्या आत. आधी नाव, मग एकच शब्द : वर, खाली, आत, बाहेर, थांब. 'अरे बघ बघ' ओरडून काही होत नाही, कारण कुणी काय करायचं हे त्यातून कळत नाही. चेंडूवाल्यावर दबाव आहे, मान खाली आहे किंवा पाठ आपल्या गोलकडे आहे, तर चार बॅकची लाइन वर. तो मोकळा आहे, मान वर करून पुढे बघतोय, तर लगेच आडवं अंग करून मागे सरक. तिथे छाती समोर ठेवून उभा राहिलास की पाठीमागे टाकलेल्या चेंडूला वळेपर्यंत फॉरवर्ड निघून गेलेला असतो. समोरच्यांनी बॅकपास केला की चौघंही पाच-सहा मीटर वर. हुकूम एकाचाच. दोघं ओरडले की अर्धी लाइन चढते, अर्धी थांबते आणि ऑफसाइडचा सापळा फसतो. बहुतेक वेळा फसवतो तो चेंडूपासून लांबचा साइड बॅक, म्हणून पहिलं नाव त्याचं घे.

आता कोचिंग. मागून अख्खं मैदान बघायची सवय तुला आहेच. डेरिक परेरा गोव्याच्या साळगावकर क्लबचे बचावपटू. त्यांच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, आणि पुणे एफसी २०१२-१३च्या आय-लीगमध्ये दुसरी आली. गोव्याचेच बचावपटू महेश गवळी २०२३च्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेत भारताचे सहायक प्रशिक्षक होते. तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक इगोर श्टिमाच यांच्यावर बंदी असल्याने उपांत्य फेरीत लेबनॉन आणि अंतिम सामन्यात कुवेत, दोन्ही वेळा साइडलाइनवर गवळी उभे होते, आणि दोन्ही सामने भारताने पेनल्टी शूटआउटवर काढले. १९७०च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवणाऱ्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन हेही बचावपटूच, पुढे तेच भारताचे प्रशिक्षक झाले. तेव्हा शाळेची टीम घेणं म्हणजे हार, हे डोक्यातून काढ. मला याचा राग येतो.

पहिल्या आठवड्यात चार बॅक उभे कर आणि चेंडू स्वतःच्या हातात धर. तू डावीकडे सरकलास की चौघांनी सरकायचं, शेजाऱ्यांत सहा ते आठ मीटर अंतर. दहा मिनिटं पुरे, त्यापुढे पोरं कंटाळतात. खुणेचे प्लास्टिकचे कोन (शंकू) लावलेस तर दुसऱ्या दिवशी उचल, नाहीतर पोरं खेळाडू सोडून कोनकडे बघतात. मग चाळीस बाय पस्तीस मीटरमध्ये सहा विरुद्ध चार आणि एक गोलकीपर. चेंडू मिळाला की बॅकनी मध्यरेषेवरच्या दोन छोट्या गोलांपैकी एकात मारायचा. दीड मिनिट खेळ, एक मिनिट विश्रांती, सहा फेऱ्या. नियम एकच : समोरच्यांचा बॅकपास झाला आणि स्टॉपर गप्प राहिला, तर गुण समोरच्यांना. सगळे चेंडूकडे धावतील, ते होणारच. खेळ गोठव, मोकळी जागा बोटाने दाखव, वीस सेकंदांत पुन्हा सुरू कर. भाषण नको. मॅचमध्ये मात्र चेंडू ज्याच्या पायात आहे त्याला 'पास दे, पास दे' करू नकोस, तो निर्णय त्याचा आहे. हाफटाइमला दोनच गोष्टी सांग.

वॉर्मअपला फिफाचा 'इलेव्हन प्लस' घे : तीन भाग, पंधरा व्यायाम, साधारण वीस मिनिटं. उडी मारून उतरताना कुणाचा गुडघा आत पडतोय ते बघ आणि तिथेच बोल. गुडघ्याचा लिगामेंट असाच जातो, हे तुला कुणी सांगायला नको.

लोक म्हणतात, एवढं बोलायला लावलं की पोरांची खेळातली मजा जाते. मी हे अनेकदा ऐकलंय आणि मला ते कधीच पटलेलं नाही. गप्प टीममध्ये लाजरा पोरगा एकटा पडतो. त्याच्या मागून कुणीतरी 'वेळ आहे, वळ' म्हटलं की तो बिनधास्त वळतो. माझा हट्ट त्या पोरासाठी आहे. आपल्याकडच्या किती जुन्या बॅकनी हे सगळं डोळ्यांत साठवलं, पण कुणाला सांगितलं नाही आणि लिहिलंही नाही! त्याची हळहळ मला अजून वाटते.

लायसन्सचं म्हणशील तर पायऱ्या ठरलेल्या आहेत : डी, मग एएफसीचं (आशियाई फुटबॉल महासंघाचं) सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डीचा फॉर्म आताच भर. तिथे तुला सेशन घेऊन दाखवावं लागेल, आणि परीक्षक तू काय बघतोस, कधी थांबवतोस, किती शब्दांत सांगतोस हेच तपासतो. म्हणून शाळेच्या प्रत्येक सेशननंतर वहीत तीन ओळी लिही : काय दिसलं, काय बोललो, पुढच्या चेंडूला पोरांनी काय केलं. महिनाभराने ती वही घेऊन ये, मग सीचं बोलू.

तुझा,
एक जुना स्टॉपर